काटे तुझ्याकडे, चमचे माझ्याकडे

राजपुरा, बुऱ्हाणपूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. निरंजन भाऊजींची साखर आटोक्यात असेल, तुझे गुडघेही बरे असतील.

परवा तुझ्या सुनेचा, रंजिताचा फोन आला. म्हणाली, "मोठ्या आई, चांदीचे काटे एकदम काळे पडून गेले हो. कशाने साफ करू? अन् तुमच्याजवळचे चमचे कुरिअर करून द्या ना, नव्या घरी शोकेसमध्ये पूरा सेट लागून जाईल." पोर गोड बोलते. उत्तर मात्र तुला लिहिते आहे. फोनवर तू यायची नाहीस, हे काय मला ठाऊक नाही?

आधी काट्यांचं. वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावलं होतंस ना? रबराने चांदी काळी पडते, हे सासूबाईंनी आपल्याला ओरडून सांगितलं होतं. चिंच लावू नका, टूथपेस्टने तर मुळीच घासू नका, दीडशे वर्षांची नक्षी झिजून जाईल. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा. खडूची वस्त्रगाळ भुकटी ओल्या मलमलीवर घ्यायची आणि हलक्या हाताने लांबीच्या दिशेने पुसायचं. दातांच्या फटीत तीच भुकटी लावलेला सुती दोरा फिरवायचा. मग लगेच कोरडे करून एकेक काटा धुतलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यात वेगळा गुंडाळा. डब्यात खडूचा तुकडा टाका, दमट हवा तो ओढून घेतो.

रंजिताला हेही सांग, की हा संच मामंजींना गिरणीतल्या साहेबाने देश सोडताना दिला होता, आणि आपल्या घरात काट्याने जेवता कुणालाच येत नव्हतं. तू तर नवी नवरी असताना मोरावळ्याचे आवळे त्याच काट्यांनी टोचलेस! संध्याकाळपर्यंत सगळे काटे काळेठिक्कर. सासूबाई शाहपूरहून यायच्या आत आपण दोघी मोरीत बसून घासत होतो, आणि तुला रडता रडता हसू येत होतं. त्या दिवसापासून तू मला ताई म्हणायला लागलीस.

वाटणीच्या वेळी दोघा भावांनी काय शहाणपण केलं, बघ. चमचे थोरल्याला, काटे धाकट्याला. संच मोडतो आहे, हे एकालाही सुचलं नाही. आपण दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो आणि गप्प राहिलो. भांडण त्यांचं होतं, अबोला मात्र आपण सांभाळला.

माझे चमचे लखलखीत आहेत. वापरातली चांदी काळी पडत नाही, म्हणून रोज वेगळा चमचा काढते. आज वरणभाताला एक, उद्या दुधाला दुसरा. दापोऱ्याची मालूबाई भांडी घासायला येते, ती परवा म्हणाली, "एकल्या माणसाले इतके चमचे कायले लागतात हो बाई?" मी तिच्यावर उगाच खेकसले. ती गेल्यावर सगळे चमचे काढून मोजत बसले.

हे गेल्यावर भाऊजी येऊन गेले. तू आली नाहीस. घरात पाहुणे होते तोवर मी रोज दाराकडे बघत होते. माझा मोहित बंगलोरहून रविवारी फोन करतो, गुणी मुलगा आहे, पण मग सोमवार उजाडतो. कधी कधी दिवसभरात स्वतःचा आवाजही कानावर पडत नाही. वैजू, मला फार एकटं वाटतं. लिहिणार नव्हते, लिहून गेले.

जाण्याआधी हे म्हणाले होते, "चमचे वैजयंतीला देऊन टाक, संच एका घरात राहू दे." तेव्हापासून चमचे तुझेच आहेत. एवढे दिवस मी ते दाबून ठेवले, कारण एकदा पाठवले की तुझ्या घरून मला फोन करायला कुणाला काही निमित्तच उरणार नाही.

तेव्हा कुरिअर नाही. तुझ्या गौरवला न्यायला पाठवलंस, तर पोराला जेवू घालीन आणि रिकाम्या हाताने परत धाडीन. तू ये. खालच्या खोलीत पलंग घातला आहे, जिना चढावा लागणार नाही. भांडायला आलीस तरी चालेल.

अजून म्हणत असशील तर,
तुझी ताई,
सुनंदा