चेक हा देश आहे, कापड नव्हे

ती. द्राहोमीराताईस,

धाकट्या क्व्येताचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? ओस्त्राव्याची हवा तुला मानवत नाही हे मी कायम सांगत आलेय आणि तू ऐकणार नाहीस हेही मला ठाऊक आहे, तेव्हा तो विषय राहू दे. तू पाठवलेला प्लमचा जॅम पोचला. (बरणी अर्धी झाली. कोणी संपवली ते विचारू नकोस, घरात मी एकटीच राहते.)

तुला हसू येईल, पण हिवाळ्यापासून मी इंग्रजी शिकतेय. कारण माझी नात मेबल, आपल्या रादिमची पोर. लीड्समध्ये वाढतेय आणि रादिमला म्हणे घरी तिच्याशी चेक बोलायला वेळ होत नाही (सासूशी भांडायला मात्र त्याला दोन्ही भाषांत वेळ होतो). त्यामुळे आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे तिनं हात हलवायचा, मी हात हलवायचा, की झालं. ईस्टरच्या आधी एकदा पाहिलं तर पोरगी रडून लाल. रादिमकडून कळलं, वर्गात तिनं सांगितलं, माझी आजी चेक आहे. पोरं म्हणाली, असा देशच नसतो! इंग्रजीत 'चेक' म्हणजे बँकेत भरतात तो, नाहीतर शर्टावरच्या चौकटी. तुझी आजी काय चौकटीची आहे? मेबल खोटारडी ठरली, आणि मी तिनं मारलेली थाप. तिच्या बाईंनी मग तोडगा काढला, आजीलाच पडद्यावर बोलवा, तिच्याच तोंडून देशाचं नाव ऐकू. म्हणजे पोरीची अब्रू आली माझ्या जिभेवर! मला रात्रभर झोप लागेना.

आमच्या सांस्कृतिक भवनातल्या वर्गात सगळे पेन्शनर. शिकवणारा ओवेन गुणी पोरगा आहे, फक्त बियरमध्ये लिंबू पिळतो (आम्ही तिकडे बघत नाही). मी उभी राहून म्हटलं, "आय अ‍ॅम फ्रॉम चेक." त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, बाई, तुम्ही झाडून सगळे हेच म्हणता, पण नुसतं 'चेक' हे देशाचं नाव होत नाही. 'द चेक रिपब्लिक' म्हणा, नाहीतर 'चेकिया'. त्यावर ह्रद्लिच्का (आपल्या चौकातला, मटणाचं दुकान होतं तो) ताडकन उठला. "चेकिया मी मेलो तरी म्हणणार नाही! इंग्लंडला गेलो तेव्हा एका बाईला सांगितलं, तर ती माझा हात हातात घेऊन म्हणते, चेचन्यात आता सगळं शांत आहे ना?" तेव्हा उरलं 'द चेक रिपब्लिक'. आता आपल्या भाषेत देशाच्या आधी असलं काही चिकटवत नाहीत, देश आपला नुसता देश असतो. पण इंग्रजांना तो 'द' हवाच, आणि त्यासाठी जीभ दातांमधून बाहेर काढून वारा सोडायचा. मी सोडला. ताई, माझी वरची कवळी नवी आहे. ती सुटली ती थेट ह्रद्लिच्काच्या पुस्तकावर. त्यानं ती रुमालात उचलली, अदबीनं माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "बाई, तुमचा 'द' इकडे आला होता." पुढे 'रिपब्लिक'ची निराळीच तऱ्हा. आपण प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर जोर देतो, इंग्रजांना तो पोटात द्यायचा असतो. मी भांडी घासताना, पायऱ्या चढताना, चर्चमध्येसुद्धा पोटात जोर देत होते. पाद्रीबाबांनी दोनदा वळून पाहिलं.

तो दिवस उजाडला. केस सेट केले, निळा ब्लाउज घातला, कवळी चिकटवून घट्ट केली. पडद्यावर वर्ग दिसला आणि मी गारच झाले. एकूणएक पोरं चौकटीच्या कपड्यांत! कुणाचा शर्ट, कुणाचा फ्रॉक, एकाचा तर पायजमा. (रादिम मेबलशेजारी बसला होता, त्यानं सांगितलं. बाईंनी 'उद्या चेक डे' असं जाहीर केलं, पोरांनी ते घरी सांगितलं, आणि आयांनी कपाटं उपसली.) मेबल एकटी साध्या स्वेटरमध्ये. माझा 'द' गेला, रिपब्लिक गेलं, तोंडातून एवढंच निघालं, "आय अ‍ॅम चेक." पायजमावाला उठून ओरडला, "मी पण!" मग काय, सगळा वर्ग छातीवरच्या चौकटी दाखवत "मी पण! मी पण!" मला पोरीकडे बघवेना.

बाईंनी कसंबसं गप्प करून मला विचारलं, रादिमनं भाषांतर करून सांगितलं, "आई, तुम्ही घरी आपल्या देशाला काय म्हणता असं विचारताहेत." मी म्हटलं, "चेस्को." त्याला जीभही बाहेर काढावी लागत नाही गं! पोरांनी लगेच "चेस्कोऊ, चेस्कोऊ" चालू केलं, च्युइंगम चघळल्यासारखं. आणि मेबल उठली. कमरेवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाली, "असं नाही! माझी आजी म्हणते तसं म्हणा. चेस्को!" स्पष्ट, डोक्यावर जोर देऊन. ताई, मी रडले. ब्लाउज भिजला.

बाकी सगळं ठीक. प्रकृतीला जप.

तुझी
क्व्येता

ता. क. इंग्रजीचा वर्ग मी सोडला. जुलैत महिनाभर मेबल माझ्याकडे येतेय, आणि या घरात इंग्रजीचा शब्द बोलायचा नाही असं मी ठरवलंय. तेव्हा तूही महिनाभर राहायला ये. तुला इंग्रजीचा गंधही नाही, हा तुझा इतका उपयोग मला आधी कधी सुचलाच नव्हता.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं ते हेच. काल फोनवर पोरगी आपणहून आपल्या भाषेत म्हणाली, आजी, मी चेस्कोला येतेय: "बाबी, येदू दो चेस्को." मला कळतंय, 'चेस्को' नाही, 'दो चेस्का' हवं, नावाचं शेपूट बदलायला हवं. तू जन्मभर शाळेत हेच शिकवलंस, आणि माझ्या लग्नात नवरदेवाच्या भाषणातल्या विभक्तीसुद्धा सगळ्यांदेखत सुधारल्यास. पण स्टेशनवर ती हे वाक्य म्हणेल तेव्हा तू तिला नुसतं जवळ घे. अवाक्षर काढलंस तर तुला त्याच गाडीनं परत पाठवीन. शेपूट चुकलं म्हणून काय झालं, येतेय तर बरोबर ठिकाणी!