काचा काळ्या केल्याबद्दल जावईबापूंचे आभार

प्रिय जावईबापू यांना सासऱ्यांचे घामाने भिजलेले आशीर्वाद.

आपली प्रकृती उत्तम असेलच. आपल्या गाडीचा एसी चालू आहे, तेव्हा ती बिघडायला काही कारण दिसत नाही. आमची कन्या आणि नातवंडंही खुशाल असावीत. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे उकडून निघालो आहोत इतकंच. तुमच्या सासूबाईंचा गुडघा पूर्वीसारखाच दुखतो आणि त्या पूर्वीसारख्याच त्याबद्दल बोलत नाहीत. (बोलून उपयोग काय?) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमचा फोन हल्ली आमची कन्याच उचलते आणि कसे आहात हे विचारायच्या आधी गाडी कधी विकताय ते विचारते. त्या प्रश्नाचं उत्तर देण्यापूर्वी मूळ अपराधी कोण हे आपल्या कानावर घालणं मला गरजेचं वाटलं. मूळ अपराधी आपण आहात. अर्थात हे मी पूर्ण आदर राखून म्हणतो.

मागच्या खेपेला आपण आला होता, तेव्हा भर दुपारी आमच्या गाडीत बसलात आणि बसलात त्याच्या दुप्पट वेगाने उठलात. मग गॅलरीत उभं राहून आपण मला व्याख्यान दिलंत. जुन्या गाडीचा एसी दुरुस्त करत बसण्यात काही अर्थ नाही, काचांना फिल्म लावून घ्या, स्वस्तात काम होतं, ऊन बाहेरच्या बाहेर राहतं, सीट विटत नाहीत, डॅशबोर्डला तडे जात नाहीत आणि आत काय ठेवलंय ते रस्त्यावरच्याला दिसत नाही. शिवाय आपल्या ओळखीचा एक माणूस होताच. आपल्या ओळखीचा माणूस नाही असं एकही काम मला अजून सापडलेलं नाही. मी मान डोलावली, कारण जावयाचा शब्द मोडायचा नाही असं मी लग्नातच ठरवलं होतं. (तुम्ही "महागातली लावा, स्वस्तातली टिकत नाही" असंही म्हणाला होतात. ते ऐकायला कोणी थांबलं नाही.)

तर आपला हा माणूस टायरवाल्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या मधल्या फटीत बसतो. त्याच्याकडे एक लाकडी खोकं आहे, त्यात मोठा दिवा आणि पुढे काचेचे तीन तुकडे. एक कोरा, एक स्वस्त फिल्मचा, एक महागड्या फिल्मचा. प्रत्येकापुढे हात धरायचा. कोऱ्या काचेपुढे हात भाजला, महागड्यापुढे काहीच झालं नाही, आणि स्वस्तापुढे कोमट लागलं. कोमट मला चालतं. आयुष्यभर मी चहा कोमटच प्यालो आहे, कारण घरात तो तसाच मिळतो. (चहा गरमच येतो. पेपर वाचून दाखवेपर्यंत कोण थांबायला सांगतं?) मग त्याने किती काळी हवी ते विचारलं. दर एकच असेल तर सगळ्यात काळी, असं मी म्हणालो, कारण कमी काळी घेऊन आपला तोटा का करून घ्यायचा? (त्याने विचारलं होतं, "काका, संध्याकाळी चालवता का गाडी?" त्यावर त्याला जे ऐकवलं गेलं ते लिहिण्यासारखं नाही.)

मी न्यायी माणूस आहे, म्हणून आधी फायदे सांगतो. स्टिअरिंगला आता हात लावता येतो. पूर्वी ते रुमालात गुंडाळून, चुलीवरचं भांडं उतरवल्यासारखं धरावं लागे. सीटवर बसताना श्वास रोखावा लागत नाही. आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क, जे आम्ही बाजारातून काय आणलं ते बघायला रोज काचेला नाक लावत, त्यांना आता तिथे स्वतःचंच तोंड दिसतं आणि ते खिन्न होऊन वर जातात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी आपला जन्मभर ऋणी राहीन.

आता पुढचं ऐका. फिल्म लावून झाल्यावर आपल्या माणसाने सांगितलं की ती नीट वाळेपर्यंत आठवडाभर काचा खाली करायच्या नाहीत. आमचा एसी बंद, म्हणून फिल्म लावली. फिल्म लावली, म्हणून काचा बंद. बाहेरचं ऊन बाहेर राहिलं हे मी नाकारत नाही, पण आतलं ऊनही आतच राहिलं आणि आमच्यासोबत बाजारात, बँकेत, दवाखान्यात सगळीकडे आलं. पार्किंगच्या फाटकाशी यंत्रातून चिठ्ठी घ्यायची तर काच उघडायची नाही, म्हणून दार उघडून उतरावं लागे. उतरून चिठ्ठी घेऊन परत बसेपर्यंत फाटकाचा दांडा वर जाऊन खालीही यायचा. मागे रांगेत जे लोक होते त्यांनी माझ्या घराण्याबद्दल पुष्कळ माहिती दिली. पुढे चौकात ट्रॅफिक पोलिसाने काचेवर टकटक केलं. कायद्याचा मान म्हणून मी ताबडतोब दार उघडलं, आणि ते त्याच्या गुडघ्यावर बसलं. त्याने काचा किती काळ्या असाव्यात याचा नियम मला एका पायावर उभं राहून समजावला. (टकटक खूप वेळ चालली होती. बाजूला कोणी उभं आहे हे सांगावं लागलं.)

आठवडा संपला आणि काचा उघडायची परवानगी मिळाली, तेव्हा फिल्म काचेसोबत खाली गेली आणि वर येताना थोडी मागे राहिली. मग तिला फोड आले. आधी मुगाएवढे, मग वाटाण्याएवढे. महिनाभरात काळा रंग उडून जांभळा झाला, आणि आम्ही दोघं जांभळ्या जगात राहू लागलो. जांभळी झाडं, जांभळी कुत्री, जांभळे शेजारी. सिग्नलचे तिन्ही दिवे सख्ख्या भावंडांसारखे दिसू लागले. (सिग्नल समोरच्या काचेतून दिसतो. समोरच्या काचेला फिल्म लावलेली नाही.) त्यातच गाडी मागे घेताना इमारतीचा खांब आडवा आला. (खांब इमारत झाल्यापासून तिथेच आहे.) हे सगळं मी मुकाट्याने सोसलं. आपल्याला एका शब्दाने दोष दिला नाही.

पण दवाखान्याची गोष्ट तुम्हाला कळलीच आहे, आणि ती आमच्या कन्येच्या तोंडून कळली आहे, म्हणजे चुकीची कळली आहे. खरी अशी. तुमच्या सासूबाई गुडघ्याच्या व्यायामाला आत गेल्या होत्या. मी संध्याकाळी फाटकाशी गाडी लावून बसलो होतो. मागचं दार उघडलं, बाई आत बसल्या, दार लागलं, मी गाडी काढली. (तुमच्या सासूबाई आजवर कधी मागे बसलेल्या नाहीत.) रस्ता मोकळा होता, तेव्हा मी सहज गुडघ्याचा विषय काढला. सांगितलेला व्यायाम घरी करायचा नाही, वजन कमी करायचं नाही आणि दुखलं की तोंड फिरवून बसायचं, हे बरं नाही, असं जरा मोकळेपणाने बोललो. मागून चकार शब्द नाही. आमच्या संसारात पहिल्यांदाच माझं म्हणणं कोणीतरी पुरतं ऐकून घेत होतं, म्हणून मीही उत्साहाने माहेरच्या माणसांपर्यंत पोचलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, पुढच्या चौकात डावीकडे घ्या, आणि जरा कमी बोलाल का?"

मला घरात कोणी दादा म्हणत नाही. त्या बाईंनी भाड्याची गाडी बोलावली होती, आणि काचांमुळे आत कोण आहे ते त्यांना दिसलं नाही. मलाही काचांमुळेच दिसलं नाही. (बाई पंचविशीतल्या होत्या. पँट घातली होती.) मी त्यांना त्यांच्या घरापर्यंत सोडलं, माफी मागितली आणि परत आलो, तर तुमच्या सासूबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून मुलीशी फोनवर बोलत होत्या. तो फोन त्यांनी करायला नको होता. (पायरीवर बसण्याचं काही नाही. गाडी समोरून निघून गेलेली पाहिली, आणि पुढच्या काचेतून शेजारी कोणी नाही हे पाहिलं, म्हणून फोन केला.)

तेव्हापासून कन्येने निकाल दिलेला आहे की बाबांनी गाडी चालवायची नाही, गाडी विकायची. आता जावईबापू, थट्टा पुरे. मला गाडी सोडायची नाही. नोकरी संपली, घरखर्चाचा हिशेब मुलगा परदेशातून बघतो, घरात काय शिजतं ते मला ताटात आल्यावर कळतं. आठवड्यातून एकदा या बाईला दवाखान्यात नेऊन आणणं एवढंच माझ्याकडे उरलं आहे. ते तरी असू द्या. तेव्हा आपण आपल्या पत्नीला समोर बसवून सांगावं की दोष फिल्मचा होता, फिल्म आपण सुचवली होती, आणि बाबांची नजर घारीसारखी आहे. आपण सांगितलंत तर ती ऐकेल. निदान मी सांगितल्यापेक्षा जास्त ऐकेल.

आपला, भाजून निघालेला तरी आशीर्वाद देणारा,
सासरा

ता. क. फिल्म काल काढून टाकली. केस वाळवायच्या यंत्राने गरम केली आणि ब्लेडने खरवडली. मागच्या काचेवरच्या बाष्प घालवणाऱ्या तारा तिच्यासोबत निघून आल्या, आणि उरलेल्या गोंदाला माश्या चिकटतात, पण काचा स्वच्छ आहेत. संध्याकाळी मुद्दाम चक्कर मारून आलो. सगळं लख्ख दिसतं. कन्येला हे आधी सांगा. (चक्कर आवारातच झाली. खांबाला आता दुसरा ओरखडा आहे.)

ता. क. दुसरा. जावईबापू, हा माझा आहे. अक्षर तुम्ही पहिल्या ओळीलाच ओळखलं असेल. पत्र त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. हात आखडलाय म्हणाले. हात चांगला आहे, सकाळीच बरणीचं घट्ट झाकण उघडून दिलं. ओळी दिसत नाहीत त्यांना. कंसातलं सगळं माझं आहे, वाचून दाखवताना तेवढं गाळलं.

फिल्मला फार बोलू नका, ती बिचारी आली गेली. डोळ्यांचं त्याच्या आधीपासून आहे. उन्हात उभे राहिले की बुबुळावर पांढरट दिसतं, माझ्या आईचं अगदी असंच होतं, आणि तो मोतीबिंदू निघाला होता. मी शेजारी बसून सांगते, सिग्नल लाल झाला, डावीकडे सायकल आहे, आता वळा. गेले कित्येक महिने ही गाडी आम्ही दोघं मिळून चालवतोय आणि हे त्यांनाही ठाऊक आहे, फक्त बोलत नाहीत. त्या दिवशी शेजारी मी नव्हते आणि ते एकटे रस्त्यावर गेले. पायरीवर बसून मी किती घाबरले ते मुलीलासुद्धा नीट सांगितलं नाही.

डॉक्टरांकडे चला म्हटलं की विषय बदलतात. ऑपरेशनला घाबरत नाहीत. डॉक्टरही गाडी चालवू नका म्हणाले तर पुढे काय, याला घाबरतात. म्हणून तुम्ही रविवारी या आणि तुमचेच डोळे तपासायचेत, एकट्याला भीती वाटते, असं त्यांना सांगा. जावयाला डॉक्टरांकडे एकटं पाठवायचं त्यांच्या जिवावर येईल आणि ते लगेच कपडे करतील. तिथे गेल्यावर त्यांना खुर्चीत कसं बसवायचं ते तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसाला विचारा.

आणि गाडी विकायचं एवढ्यात मनात आणू नका. ऑपरेशन होऊन त्यांच्या डोळ्यांची पट्टी निघाली की मला दवाखान्यातून त्याच गाडीतून घरी यायचंय, आणि चालवायला तेच हवेत. तोवर किल्ली माझ्या उशीखाली आहे.