चुन्याचे गोल

बाबा, वर्कशॉपचं छत बदललं. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, पण बसून सांगायला सवडच मिळाली नाही. आता दुपार आहे, लाइन गेलेली आहे म्हणून मशिनी बंद, गिऱ्हाईक कोणी नाही, आणि मी तुमच्याच टेबलाशी बसून तुमच्याच वाइंडिंगच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर लिहून राहिले. पुढच्या पानांवर तुमचं अक्षर आहे, कोणत्या मोटरला किती नंबरची तार, किती वेढे. मागून माझं. बाहेर पाऊस चांगला धो धो चालू आहे आणि आत एक टिपूस नाही. वर निळ्या रंगाची शीट आहे. तुम्ही पाहिली असती तर म्हणाले असते, 'हे काय वं, लग्नाचा मांडव टाकला का?' बसा आता, ऐका. सोळा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. छतावरून तुमचं-माझं जे भांडण झालं होतं ते अर्धंच राहिलं, आणि मला ते मिटवायचं आहे.

जुनी टिनं तुम्ही तिगाव स्टेशनाजवळच्या कुठल्याशा मोडलेल्या गोदामाची आणली होती, आधीच भोकांची. बैलबंडीतून ती उतरताना पाहून आई म्हणाली, 'चाळणी तं आनली, आता पीठ केव्हा आनता?' तुम्ही प्रत्येक भोकात डांबर भरलं, डांबरात चिंधी कोंबली, चिंधीवर परत डांबर. तरी गळायचं ते गळायचंच. मग एका पावसाळ्यात तुम्ही डांबराचा नाद सोडला आणि चुन्याचा डबा घेऊन बसला. टिपूस जिथं पडेल तिथं जमिनीवर गोल. लहान गळतीला वाटीएवढा, मोठ्या गळतीला परातीएवढा. असे अकरा गोल झाले, आणि सगळं वर्कशॉप तुम्ही त्या गोलांना चुकवून बसवलं. लेथ दोन गोलांच्या मधे, तारेची रिळं भिंतीच्या कोपऱ्यात, वाइंडिंगचं टेबल तिरपं, कारण सरळ लावलं तर त्याचा एक पाय गोलात जायचा. कामाला नवा माणूस आला की मशीन दाखवायच्या आधी तुम्ही त्याला गोल दाखवायचे. 'इथं उभं राह्यलं चालते, काही ठेवलं नाही चालत.' गिऱ्हाइकंसुद्धा दारातल्या रांगोळीला चुकवावं तशी चुकवून चालायची. सौंसरमध्ये आपल्या दुकानाला कोणी नावानं ओळखतच नव्हतं. 'ते गोलवाले', असंच म्हणायचे. मला लाज वाटायची बाबा, खरं सांगते. लोकांचे बाप छत दुरुस्त करतात, माझा बाप जमीन रंगवतो.

बारावीनंतर मी तुमचा डबा घेऊन यायचे ती इथंच राहिले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही कधी 'शीक' म्हटलं नाही. एक दिवस नुसती जळकी मोटर माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, 'उखल, पाहू.' पाच-सहा वर्षांत माझा हात तुमच्याहून भरभर चालायला लागला, आणि हात चालला तशी जीभही चालायला लागली. मग तो एप्रिल. रामाकोन्याचे ते संत्रावाले काका, ज्यांचा पांढरा फेटा कधी मळलेला पाहिला नाही, त्यांची विहिरीवरची मोटर जळून आली होती. आंबिया बहार धरलेला, झाडावर संत्री बोराएवढी, आणि पाणी तुटलं तर सगळी गळून पडणार. ते रोज चक्कर मारायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते दारात उभे राहायचे, आणि त्यानंच जास्त टेन्शन यायचं. ती मोटर मी नवी तार वेढून भरली. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकटीनं, तुम्ही हातसुद्धा लावला नाही. व्हार्निश मारून वाळायला ठेवली. दुपारी अवकाळी आला, अर्धा घंटा टिनांवर असा बदडला की आपसात बोललेलं ऐकू येईना. पाऊस थांबला, काका आले, मी मोठ्या तोऱ्यात ट्रायलसाठी लाइन दिली आणि मोटर भप्प करून पेटली. पोटात पाणी गेलं होतं.

तुम्ही धावत आला. काका मोटरीशी वाकून धूर पाहत होते. दुकानात आणखी तीन-चार लोक होते. आणि मी तुमच्यावर ओरडले. 'वीस वर्षं झाली, एक छत नाही टाकता आलं तुम्हाला! लोकांच्या मोटरी जळतात तुमच्या या चाळणीपायी!' असं म्हटलं मी, सगळ्यांसमोर. सौंसरात मुलगी बापाला असं बोलत नाही, आणि तेही दुकानात. तुम्ही वर टिनांकडं पाहिलं, खाली मोटरीकडं पाहिलं, आणि म्हणाले, 'उतार कमी पडला बापा.' एवढंच. मग काकांकडं वळून, 'छत माहं हाये भाऊ, मोटर माह्या हातून गेली. बाग नाही वाळू देत तुमची.' आणि घरी जाऊन आपल्या विहिरीवरची मोटर खोलून त्यांच्या बैलबंडीत ठेवून दिली. आई आठ दिवस दोरानं पाणी ओढत होती आणि प्रत्येक बादलीला तुमचा उद्धार करत होती. 'दुनियेच्या मोटरी चालवते अन् घरची बायको रहाटाले!' मी ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले तर तुम्ही उकिडवे बसून चुन्यानं सगळे गोल परत गिरवत होता. मला अजून चीड आली. म्हटलं, आता तरी वर चढा, तर हे परत खालीच रंगवून राहिले! तुमच्याशी मी चार दिवस कामापुरतं बोलले. पुढं दोन वर्षांनी तुम्ही गेले, आणि त्या दिवसाचा विषय तुमच्या-माझ्यात परत कधी निघाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी बोलणारी तू, मग सोळा वर्षं काय करत होती? डांबर लावत होते, दुसरं काय! दर वर्षी म्हणायचे, पोळ्याच्या आधी बदलू, मग दिवाळीनंतर बदलू. या वर्षी लेथच्या अगदी डोक्यावर बारावी गळती निघाली. मी चुन्याचा डबा शोधायला उठले आणि मधेच थांबले. म्हटलं, बाई, आता तूही जमीन रंगवणार का? आणि पांढुर्ण्याहून छतवाल्याला बोलावलं.

तो माणूस वर चढला, दोरी लावली, पाण्याची नळी लावली आणि वरूनच ओरडला, 'ताई, हे छत कोन टाकलं जी? उतार उलटा हाये!' मग खाली येऊन त्यानं समजावलं. समोरचं दार उंच आहे, ट्रॅक्टर आत यावा म्हणून. मागची भिंत ठेंगणी. म्हणजे उतार आपोआप मागं जायला पाहिजे. पण टाकणाऱ्यानं मागच्या भिंतीवर विटा चढवून चढवून पाणी समोर रस्त्याकडं वळवलं आहे, आणि तेही चार बोटं उतारात. 'पानी जाईन कुठं? टिनावरच बसते. चांगली टिनं असती तरी गळलं असतं. मागं उतार काढा, पन मागचं आंगन दुसऱ्याचं दिसते, त्याइले इचारून घ्या.' मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पाहा, मी म्हणत नव्हते? बापाला छत टाकताच येत नव्हतं. एक माहितगार माणूस माझ्या बाजूनं बोलला. त्याच तोऱ्यात मी मागच्या घरातल्या काकूकडं गेले.

काकू नव्वदीला टेकली आहे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. तिची सून आता सगळं वाळवण बाजारातूनच आणते, म्हणून अंगण मोकळं पडलं आहे. मी भीतभीतच म्हटलं, 'काकू, छत बदलून राहिली. उतार तुमच्याकडं काढावा लागते. पाणी तुमच्या आंगनात येईन.' मला वाटलं आता झाडते. तर काकू म्हणाली, 'येऊ दे नं वं. तुह्या बापाले तं मी केव्हाचीच म्हणून राहिली होती.'

आणि मग तिनं सांगितलं, जे तुम्ही मला कधी सांगितलं नाही. मागची भिंत तिची. तुम्ही तिच्या दारी गेला होता, छताचे लोखंडी एंगल तिच्यावर टेकवू का विचारायला. 'मी म्हटलं, टेकव. पन माह्या आंगनात तुह्या छताचा एक टिपूस पडला नाही पाह्यजे. माह्ये सांडगे राह्यते, मिरच्या राह्यते. पडला, तं तुही टिनं अन् तू, दोघंबी खाली!' म्हणून तो उलटा उतार, म्हणून त्या चार विटा. छत टाकता येत नव्हतं असं नव्हतं. शब्द दिला होता. मी ओट्यावर बसले ती उठलेच नाही. डोळे भरून आले होते आणि काकूला ते दिसू नये म्हणून मी पदरानं उगीच घाम पुसत होते. पण काकू तिथंच थांबली असती तर ती काकू कसली! म्हणाली, 'अन् आइक. दुसऱ्याच साली माही विहीर आटली. मी सोता गेली त्याच्याकडं. म्हटलं बापू, सोडला तुहा शब्द, फिरव छत इकडं, विहिरीत तरी पानी जाईन. तं काय म्हणे? म्हणे, काकू, आता एकएक गोल काढून सारं सामान बसवलं. छत फिरवलं तं गळती फिरन, गळती फिरली तं सामान फिरन. राहू द्या आता!' असं म्हणून ती इतकी हसली की तिला खोकला लागला, आणि मला पाणी आणायला धावावं लागलं.

म्हणजे पहिलं वर्ष शब्दासाठी आणि बाकीची सगळी वर्षं आळसासाठी! धन्य आहे बाबा तुमची. डोळ्यांत आलेलं पाणी तिथंच वाळलं आणि मीही पोट धरून हसले.

काम तीन दिवस चाललं. जुनी टिनं निघाली तेव्हा वर्कशॉपात आभाळ उतरलं होतं, तुमच्या टेबलावर चक्क ऊन पडलं. दोन वानरं नागड्या एंगलवर येऊन बसली आणि आपलं उड्या मारायचं टिन कुठं गेलं म्हणून पाहत राहिली. आता उतार मागं आहे, पन्हाळीतून पाइप थेट काकूच्या विहिरीत सोडला आहे. त्यानंतर पहिल्यांदा जोराचा पाऊस आला तेव्हा काकू छत्री धरून विहिरीजवळ उभी होती आणि भिंतीपलीकडून ओरडत होती, 'आलं वं, आलं!' छतवाला जाताना म्हणाला, ताई, आता खाली फरशीही करून घ्या, हे गोल बरे नाही दिसत. मी म्हटलं, पाहू. मग एक दिवस मी टेबल सरळ करून पाहिलं. अर्ध्या दिवसात तीनदा मांडीला लागलं. लेथ जरा पुढं घेतली तर कारागीर म्हणाला, 'ताई, हात चुकून राह्यला.' संध्याकाळी सगळं होतं तिथं परत ठेवलं. गिऱ्हाइकं अजून गोल चुकवूनच चालतात. तुमचं बरोबर होतं, सामान हलवणं फार कठीण. बरं चाललं आहे बाबा. दुकान कोरडं आहे, हाताला काम आहे, आणि मला सुखानं झोप लागते.

आता लाइन आली. डोक्यावरचा पंखा फिरायला लागला, आणि वहीची पानं उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर बेअरिंग ठेवलं आहे. हा पंखा जुनाच आहे, तुम्ही लावलेला, आणि त्याच्याखाली तो परातीएवढा गोल. इथवर लिहिलं, तर तेही लिहूनच टाकते. ही वही कुठं जायची नाही, टेबलाच्या खणातच राहील. त्या एप्रिलच्या दुपारी फार उकडत होतं. पंख्याच्या हवेत बसायला मला जागा पाहिजे होती, म्हणून काकांची मोटर मी हातभर सरकवली. ती गोलात गेली. मी पाहिलं होतं, गोलात गेली ते. म्हटलं, एप्रिलात कुठला आला पाऊस! आणि मग विसरूनच गेले. भप्प आवाज झाला तेव्हा मला सगळ्यात आधी तेच आठवलं, आणि म्हणूनच मी एवढ्या जोरात ओरडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे गोल एकेकदा गिरवले आणि हा पंख्याखालचा दोनदा गिरवला. माझ्याकडं न पाहता. छत गळत होतं हे खरं आहे, बाबा, पण त्या दिवशी चूक छताची नव्हती. माझी होती.