‘सातवी वेस’ कापला कुणी

योकोहामा
४ नोव्हेंबर २०१२

ती. आत्याआजींना,
कश्मिराचा समुद्रापलीकडून वाकून नमस्कार. वि. वि.

कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवून दिलंय असं आईकडून कळलं. म्हणजे फोनवर मी ओरडायचं आणि तुम्ही ‘जेवलीस का’ विचारायचं, एवढंच होणार. म्हणून हे पत्र. आईचा निरोपही आहे: मी भूकंपाच्या देशात हट्टाने राहते आहे, तेव्हा तुम्ही मला रागवावं. तुम्ही रागावणार नाही हे माहीत असल्यामुळे निरोप बिनधास्त पोचवला.

आता मुद्दा. गेल्या वर्षीच्या भूकंपात इथल्या बंदराजवळच्या एका जुन्या गुदामाची भिंत तडकली. गुदाम एका सिंधी व्यापारी कुटुंबाचं, तीन पिढ्या रेशमाच्या धंद्यातलं. यंदा ते पाडायला काढलं तेव्हा पोटमाळ्यावर फिल्मचे बारा डबे निघाले; इथवर कसे आले ते त्या कुटुंबालाही ठाऊक नाही. जुन्या फिल्मच्या रसायनांवर काम करणारी आणि वर देवनागरी वाचणारी अशी आमच्या विद्यापीठात मी एकटीच, म्हणून ते माझ्या टेबलावर आले. दोन डब्यांत नुसती तपकिरी भुकटी होती. उरलेल्या दहांवर लिहिलं होतं: ‘सातवी वेस’, अरुणोदय चित्र, कोल्हापूर, १९४०.

तुम्ही लग्नाआधी अरुणोदयमध्ये नोकरीला होतात, एवढंच मला ठाऊक आहे. मार्चमध्ये तोक्योतली मराठी मंडळी हा चित्रपट दाखवणार आहेत. इथल्या एका व्यापारी कंपनीतले मोठे अधिकारी रणजित सबनीस यांनी त्यासाठी कंपनीचं सभागृह मिळवलंय. त्यांचे आजोबा पंढरीनाथ सबनीस या चित्रपटाचे संकलक होते. त्या कामाबद्दल १९४१ साली मुंबईच्या चित्ररसिक संघाने त्यांना सुवर्णपदक दिलं. तुम्ही त्यांना ओळखत असाल तर दोन ओळींची आठवण लिहा. मी ती कार्यक्रमात वाचीन.

गुडघ्यांना जपा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
कश्मिरा


कोल्हापूर
२३ नोव्हेंबर २०१२

चि. कश्मिरा हिला,
आत्याआजीचे मनभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. खालच्या मजल्यावरची चित्रा रोज संध्याकाळी चहा घेऊन येते, तिने मोठ्या अक्षरांत उतरवून दिलं, म्हणून वाचता आलं. तुला रागवायचं कारण दिसत नाही. इथे जमीन हलत नाही, पण माणसं कुठे जागची हलतात.

सबनीसांना ओळखत होते का, विचारतेस. फिल्म कशी धरायची, कडेला बोट कसं लावायचं, खरवडून सोल्यूशन लावून सांधा कसा मारायचा, सगळं मला त्यांनी शिकवलं. मी एकोणीस वर्षांची होते. सांधे मारायला ठेवलेल्या चार मुलींतली एक. ‘सातवी वेस’चं शूटिंग संपत आलं आणि सबनीसांना रक्ताची उलटी झाली. त्यांना मिरजेला क्षयाच्या दवाखान्यात नेलं, तिथे ते आठ महिने होते. चित्रपट तर लावायचा होता. मालकांनी मला खोलीत बोलावून सांगितलं की सुप्रभा, तू कर, पण बाहेर बोलू नकोस, मुलीने कापलेला चित्रपट वितरक घेणार नाहीत.

मी कापला. पहिल्या शॉटपासून शेवटच्या शॉटपर्यंत.

पुढच्या वर्षी पदक जाहीर झालं तेव्हाही सबनीस अशक्तच होते. मालकांनी मलाच मुंबईला पाठवलं, त्यांच्या वतीने घ्यायला. मी जांभळं इरकली नेसून मंचावर गेले. अध्यक्षांनी माझ्या हातात पदक ठेवलं आणि लोकांना सांगितलं की सबनीसांनी आपली शिष्या पाठवली आहे. टाळ्या झाल्या. पदक मी परकराच्या खिशात घालून कोल्हापूरला आणलं आणि त्यांच्या घरी पोचतं केलं. ही झाली तुझी दोन ओळींची आठवण. कार्यक्रमात वाचायला बरी नाही.

थंडीत अंगावर नीट घालत जा. लोभ घट्ट धरून ठेव.

आत्याआजी


योकोहामा
१६ डिसेंबर २०१२

ती. आत्याआजी,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ट्रेनमध्ये वाचलं आणि उतरायचं स्टेशन मागे गेलं. पुढच्या स्टेशनवरून चालत आले, तेवढाच राग शांत होईल म्हणून. झाला नाही.

पहिला प्रश्न, हे घरात कुणाला का माहीत नाही? आईला विचारलं तर तिला तुमचा शिवणाचा क्लास तेवढा ठाऊक. दुसरा प्रश्न, सबनीसांनी नंतर कधी, कुणाजवळ, एक शब्दही काढला नाही?

तिसरं विचारणं नाही, मागणं आहे. मला हे सांगू द्या. मंडळी पडद्यावर पाटी लावणार आहेत: ‘सुवर्णपदकविजेते संकलक पंढरीनाथ सबनीस’. ती पाटी बनवायचं काम माझ्याकडे आहे. आता माझ्या हाताने ते अक्षर उमटत नाही. पण रणजित पुरावा मागणार, आणि मी शास्त्राची विद्यार्थिनी, मलाही तो हवा. चित्रपटातल्या काही जागा आठवतात का? कुठे काय कापलं, का कापलं? तुम्ही तो शेवटचा पाहून सत्तर वर्षं झाली, तेव्हा नाही आठवलं तरी माझा विश्वास हलणार नाही.

तुमचीच,
कश्मिरा


कोल्हापूर
५ जानेवारी २०१३

चि. कश्मिरा,
अ. आ. आणि वर एक धपाटा. ‘नाही आठवलं तरी’ म्हणजे काय?

आधी तुझे प्रश्न. घरात सांगितलं नाही, कारण भीती वाटली. त्याला चांगुलपणा म्हणू नकोस, मला स्वतःला ती सवलत नको आहे. नोकरी जाईल ही भीती होती. मग अरुणोदय बंदच पडलं, लग्न झालं, आणि सासरी स्टुडिओचं नाव काढायची भीती. पुढे चाळीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. कात्री काही सुटली नाही. सबनीस वाईट नव्हते. बरे होऊन आले, चित्रपट पाहिला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गप्प राहिले. ते गप्प राहिलेले गृहस्थ होते. वाईट आणि गप्प यांत फरक आहे, पण माझ्या नावाला त्या फरकाचा काही उपयोग झाला नाही.

आता जागा लिहून घे. एक, सून दार लोटते, ते पुरतं मिटायच्या आत चुलीतला जाळ दिसतो. दिग्दर्शकांना दार मिटलेलं हवं होतं, मी ऐकलं नाही. दोन, सासरा ओरडतो तेव्हा त्याचं तोंड न दिसता ताटात थांबलेला सुनेचा हात दिसतो. तीन, बाजाराच्या दृश्यात मध्येच एक बैल मान हलवतो, कारण आधी तिच्या हातात सहा बांगड्या होत्या आणि नंतर पाच, आणि ते झाकायला मला बैलाशिवाय काही सापडलं नाही. चार, नदीवरच्या भांडणात आवाज आधी येतो, माणसं मागून.

पाच, शेवट. ती गावाच्या वेशीतून निघून जाते. वेशीत थांबून मागे वळून बघते असा शॉट घेतला होता, सुंदर होता, नटी डोळ्यांत पाणी आणून उभी होती. मी तो काढून टाकला. ती मागे बघते म्हटलं की लोक घरी जाताना म्हणणार, येईल परत. ती परत येणार नव्हती.

सांगायला माझी परवानगी आहे. परवानगी कशाला म्हणते, सांगच. मी ब्याण्णव वर्षांची आहे, आता मला कोण नोकरीवरून काढणार?

तिळगूळ वेगळा पाठवते आहे. आठवण ठेव, आणि भिऊ नकोस.

आत्याआजी


योकोहामा
९ फेब्रुवारी २०१३

ती. आत्याआजी,
सा. न. वि. वि.

दार, हात आणि बैल, तिन्ही जागा तुम्ही लिहिल्यात तशाच. बैल पाहून मी प्रयोगशाळेत मोठ्याने हसले आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने चिंतेने माझ्याकडे पाहिलं. नदीचं भांडण भुकटी झालेल्या डब्यात गेलं, ते कधीच कळणार नाही. आणि शेवटी ती मागे बघत नाही.

मग मी रणजित सबनीसांना भेटले. तोक्योत निशी-कसाईला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी गोड बोलल्या, पोहे केले. मी तुमचं सांगितलं तसे ते ताठ झाले. त्यांचं म्हणणं, सांधे मारणाऱ्या मुलीलाही जागा पाठ असणार, त्यावरून काय सिद्ध होतं? आजोबा मिरजेत होते हे त्यांना मान्य आहे, उलट घरात ते अभिमानाने सांगतात, की आजोबांनी खाटेवर पडून चित्रपट कापला. तेव्हाची फिल्म ठिणगीने पेटायची, ती दवाखान्यात कोण आणू देईल, असं मी विचारलं. त्यावर ते आत जाऊन एक वही घेऊन आले. आजोबांनी मिरजेहून लिहून पाठवलेल्या सूचनांची ती नक्कल. म्हणाले, हा घ्या पुरावा.

आत्याआजी, मी ती वही त्यांच्यासमोर शेवटच्या पानापर्यंत वाचली. शेवटची सूचना अशी आहे: ‘वेशीत सून मागे वळून बघते, तो शॉट पुरा ठेवावा, त्यावरच समाप्त.’ मी तुमचं पाच जानेवारीचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. वही त्यांच्या घरातच होती, तुम्ही ती कधी पाहिलेली नाही आणि तोवर मीही पाहिली नव्हती. वहीत एक शेवट आहे, पडद्यावर दुसरा, आणि पडद्यावरचा शेवट का तसा आहे ते फक्त तुमच्या पत्रात आहे.

त्यांनी वही मिटली. नंतर म्हणाले की दिग्दर्शकाने बदललं असेल, आणि पाटीवर फक्त आजोबांचं नाव राहणार नसेल तर सभागृह मिळणार नाही. मी म्हटलं, मग नको. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या विद्यापीठाला लिहिलं की मी इतिहासाची मोडतोड करते आहे. माझी नेमणूक मार्चअखेर संपते, पुढची व्हायची आहे. प्राध्यापक मोरी-सान यांनी बोलावून घेतलं, वही आणि पत्र दोन्हींचं भाषांतर मागितलं, आणि तीन दिवसांनी एवढंच म्हणाले की अहवालात दोन्ही लिही, आणि तारखा चुकवू नकोस. नेमणुकीबद्दल काही बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणून मी पाटी बदलणार नाही.

कार्यक्रम होणार. निशी-कसाईतच वस्तीचं छोटं सभागृह मिळालंय. चपला बाहेर काढायच्या, खुर्च्या आपणच मांडायच्या, जाताना कचरा वेगवेगळा करून घरी न्यायचा. तीस मार्चला. तुम्ही येऊ शकत नाही, तर तुमचे शब्द पाठवा. जेवढे पाठवाल तेवढे वाचीन.

तुमची,
कश्मिरा


कोल्हापूर
२६ फेब्रुवारी २०१३

चि. कश्मिरा,
अ. आ.

नेमणूक गेली तर इकडे ये, माझ्याकडे जागा आहे. पण पाटी बदललीस तर येऊ नकोस.

खालचा मजकूर वाच. चित्राने तो गोड करून पाहिला होता, मी खोडला.

‘मी सुप्रभा हळदीकर. हा चित्रपट मी कापला. १९४१ साली याचं पदक मी दुसऱ्याच्या वतीने घेतलं. आज मी कुणाच्याही वतीने बोलत नाही. पंढरीनाथ सबनीस माझे गुरू होते, त्यांचं नाव पाटीवरून काढू नये, पण माझ्या नावाच्या खाली ठेवावं. मला सत्कार नको, शाल नको. चित्रपट शेवटपर्यंत बघा.’

उशीर करू नकोस, वेळेवर सुरू कर. जीव लावतेस तशीच लावत राहा.

आत्याआजी


योकोहामा
२ एप्रिल २०१३

ती. आत्याआजी,
सा. न. वि. वि.

पाटी अशी लागली: ‘संकलन: सुप्रभा हळदीकर. मार्गदर्शन: पंढरीनाथ सबनीस.’

ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं त्याहून जास्त आली. मंडळातल्या दोघा-तिघांनी आधी मला बाजूला घेऊन समजावलं की परदेशात आपल्यात वाद नको, दोन्ही नावं एका ओळीत लिहून टाक. मी नाही म्हटलं. तुमचा मजकूर वाचला तेव्हा टाळ्या झाल्या नाहीत. मला वाटलं, बिघडलं. मग चित्रपट सुरू झाला. बैलाला हशा मिळाला. शेवटी ती वेशीतून गेली, मागे बघितलं नाही, दिवे लागले, आणि पहिल्या रांगेतल्या एक जपानी बाई, इथल्या शाळेत शिकवतात, उठून उभ्या राहिल्या. मग एकेक करत सगळे. ती टाळी तुमची होती. कुणाच्या वतीने घेतली नाही, जशीच्या तशी पाठवते आहे.

रणजित सबनीस आले होते. मागे दाराशी उभे होते. खुर्च्या आवरायला थांबले, सगळ्या आवरून झाल्यावर माझ्याजवळ आले. म्हणाले, आजोबांनी ते पदक कधी भिंतीवर लावू दिलं नाही. आजीने दोनदा चौकट करून आणली, दोनदा त्यांनी ती काढून ठेवली. घरात सगळे त्याला विनय म्हणायचे. विद्यापीठाला लिहिलेलं पत्र त्यांनी मागे घेतलंय. माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. पदक तुम्हाला पाठवू का, असं विचारायला सांगितलंय.

नेमणूक दोन वर्षांनी वाढली. चित्रपटाची डीव्हीडी सोबत आहे, चित्राताईंच्या टीव्हीवर लागेल. सावकाश बघा.

तुमची आणि आता जरा जास्तच ताठ चालणारी,
कश्मिरा


कोल्हापूर
२४ एप्रिल २०१३

चि. कश्मिरा हिला,
आशीर्वाद, या वेळी मोजता न येण्याइतके.

रणजितला सांग, पदक नको. त्यावर त्याच्या आजोबांचं नाव कोरलेलं आहे, ते घेऊन मी काय करू? त्याच्या घरीच राहू दे. पण त्याला माझा आशीर्वाद कळव. शेवटपर्यंत थांबला, आणि खुर्च्या आवरल्या.

चित्रपट चित्राच्या घरी दोनदा बघितला. पहिल्यांदा काही दिसलंच नाही, डोळे भरत होते. चित्रा मध्येच थांबवून पाणी देत होती, तिला थांबवू नकोस म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा कोरड्या डोळ्यांनी बघितला. चांगला कापलाय. दार फार चांगलं जमलंय. एकोणिसाव्या वर्षी इतकं कळत होतं याचं आज नवल वाटतं.

आणि एक सांगायचं आहे. विहिरीच्या दृश्यात सून रडते, रडणं संपतं, आणि त्यानंतर क्षणभर ती नटी डोळे उचलून कॅमेऱ्याच्या बाजूला बघते, बरं झालं का असं दिग्दर्शकांना विचारल्यासारखी. अर्धा सेकंद असेल. तो तुकडा जायला हवा होता. मी ठेवला. पदक देणाऱ्यांना तो दिसला नाही, सबनीसांना दिसला नाही, तुमच्या सभागृहातल्या माणसांनाही दिसला नसावा. मला मात्र चित्राच्या टीव्हीवर लख्ख दिसला आणि रात्रभर चुटपुट लागली.

तुझ्या अहवालात हेही घाल. विहिरीच्या दृश्यात बारा फ्रेम जास्त राहिल्या, चूक सुप्रभा हळदीकर यांची. सबनीसांवर किंवा मालकांवर ढकलू नकोस. नाव माझं लागलंय, तर तीही माझीच.

मोरी-सानना नमस्कार सांग. पोटभर जेवत जा, आणि या म्हातारीला लिहीत राहा.

आत्याआजी