फजलची चिठ्ठी

करीमगंज, आसाम
१२ जानेवारी १९७५

ती. दादास,
किसनचा सविनय जयभीम. वि. वि. मी खुशाल. देवीच्या साथीचं काम जोरात आहे. नदीपलीकडे बांगलादेश. तिथला फजल माझ्यासारखाच लस टोचतो. तिकडचा आजारी इकडे निघाला की नावाड्यासोबत फजलची चिठ्ठी येते: नाव, वय, गाव, कोणाकडे उतरणार. मी लगेच त्या घरी जातो. इकडचा तिकडे गेला तर मी चिठ्ठी धाडतो. लोक आजारी माणूस लपवतात, तेव्हा मी फार चिडतो.
आठ दिवसही इथून हलता येणार नाही. म्हणून बारीकसारीक दुखणी मला कळवू नका, जीव उगाच टांगणीला लागतो. गोजराचे पापे घ्या. माया आहे तशीच असावी.
तुमचा किसन

घणसोली
३० जानेवारी

चि. किसन यास,
सितारामचा जयभीम व आशीर्वाद. पत्र पावलं. तुझी लेक काडी घेऊन घरभर लस टोचत फिरते. परवा मलाही टोचली, वर रडायचं नाही म्हणून दम दिला! कंपनीत ओव्हरटाइम चालू आहे. तुझी सुंदरा व गोजरा खुशाल. काळजी नसावी.
तुझा दादा

घणसोली
९ फेब्रुवारी

चि. किसन,
गोजरा गेल्याची तार मिळाली असेल. तारेत काय लिहिणार, म्हणून हे पत्र. मागचं पत्र लिहिलं तेव्हाच गोजराला ताप होता, घसा सुजला होता. सुंदरा म्हणत होती, त्यांना तार करा. मीच म्हणालो, त्याने नको सांगितलंय, गुळण्यांनी उतरेल. चौथ्या दिवशी श्वास घेता येईना. ठाण्याला नेली. डॉक्टर म्हणाले घटसर्प, फार उशीर केलात. सुंदरा माझ्याशी बोलत नाही. तू तरी बोल.
तुझा अपराधी दादा

करीमगंज
१८ फेब्रुवारी

ती. दादास,
जयभीम. तुमच्यावर राग नाही. घटसर्पात घशात धरतो तो पांढरा पडदा कसा असतो, ते मला ठाऊक होतं. तार आली असती तर उलट तारेने कळवलं असतं, आत्ताच्या आत्ता ठाण्याला न्या.
काल नावाडी आला. मी नेहमीच्या कागदावर लिहिलं: गोजरा, वय चार, घणसोली. कोणाकडे उतरणार, ती जागा कोरी सोडली. ती चिठ्ठी वाचून फजल स्वतः होडीने आला. त्याने विचारलं, घरच्यांनी कळवलं कसं नाही? मी सांगितलं, मीच नको म्हणालो होतो.
दोन्हीकडच्या साहेबांनी परवानगी दिली. मी येईपर्यंत माझ्या काठची गावं फजल बघणार आहे. मी निघतो. सुंदराला सांभाळा.
आठ दिवस मागितले, दादा, आणि लगेच मिळाले.
तुमचा किसन