घडीच्या दोन चाकूंची व्यवस्था

मी, नीलिमा धर्मपाल नंदेश्वर, वय सत्तावीस, अविवाहित, सहायक ग्रंथपाल, राहणार गुढियारी, रायपूर, कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. माझे मन ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. ती सोमवारी बदलायची आहे. डॉक्टरांनी धोका शंभरात चार सांगितला. गोंदियाला मावशीकडे राहून मी मराठी माध्यमातून दहावीला शाळेत पहिली आले होते. शंभरातले चार गुण कसे जातात, हे मला चांगले ठाऊक आहे.

माझी सर्व मालमत्ता एका हातगाडीवर मावेल. तरीही लिहिते, कारण माझ्यासोबत एक गोष्ट जळून गेली, तर माझा धाकटा भाऊ यशदीप माझ्या अपराधाची शिक्षा जन्मभर भोगेल. ती गोष्ट तिसऱ्या कलमात आहे. आधी दोन सोपी कलमे लिहून हात स्थिर करते.

कलम १. माझी पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला देऊ नयेत. तिथे ती कुलपात राहतील. किल्ली माझ्याकडेच असते म्हणून सांगते. माझी सहकारी गंधाली पाध्ये हिने ती ब्राह्मणपाऱ्यातील आपल्या घरी ठेवावीत आणि मागेल त्याला द्यावीत. शब्दकोशाचा दुसरा खंड मात्र मावशीकडून परत आणावा. नऊ वर्षे झाली. पापड वाळवताना ती त्याचे वजन ठेवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

कलम २. स्कूटी माझी आई माया हिला. आई म्हणेल, "मले कुठं येते चालवता?" तिने शिकावे, ही अट आहे. बाबांनी मागे बसावे आणि सूचना करू नयेत, ही दुसरी अट.

कलम ३. माझ्या कपाटात, स्वेटरांखाली, एका पत्र्याच्या डब्यात घडीचा चाकू आहे. तो मी ऑक्टोबर २०२१ मध्ये विकत घेतला. ग्रंथालयात नुकतीच नोकरीला लागले होते. पुस्तकांच्या गठ्ठ्यांची सुतळी कापणे, खोक्यांवरची चिकटपट्टी फाडणे, पेन्सिलीला टोक करणे, दुपारी पेरू चिरणे, एवढेच काम होते. पण रोजचे होते. तीन महिने मी घडीच्या चाकूंविषयी वाचले. पाते तीन इंचांच्या आत असावे. पोलाद न गंजणारे असावे. बटण दाबताच उसळणारा चाकू घेऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खटका. उघडलेले पाते तो अडवून धरतो. विकत घेण्यापूर्वी पात्याची पाठ टेबलावर दाबावी, मूठ आवळून पाहावी. पाते मिटले तर तो चाकू घेऊ नये. हे सारे मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले होते.

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके होती. हिरालाल नावाचा दुकानदार मोठ्याने म्हणाला, "दीदी, सब्ज़ी काटनी है कि आदमी?" सगळे हसले. माझे कान तापले. मी खटका तपासला नाही. "दे दीजिए," म्हणाले आणि बाहेर पडले.

घरी येऊन तपासला. मूठ आवळून दाबताच पाते मिटले.

परत करायला मी दोनदा गेले. पहिल्यांदा पायरीवरून वळले. दुसऱ्यांदा आत गेले, हिरालालने "हाँ दीदी?" म्हटले आणि मी पाव किलो खिळे घेऊन आले. त्यानंतर चाकू टेबलाच्या खणात टाकला आणि कोणाला काही सांगितले नाही.

चाकू विकत घेतल्यानंतर अकरा दिवसांनी यशदीपने खणातून तो घेतला. टाकीचा प्लॅस्टिकचा पाइप कापायचा होता. पाते पाइपात अडकले, त्याने मूठ आवळून जोर दिला, खटका सुटला. उजव्या हाताची तर्जनी वाकवणारी कंडरा तुटली. रेल्वेची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता. वैद्यकीय तपासणीला एकोणीस दिवस होते.

बाबा तेव्हा रेल्वेत फिटर होते. दवाखान्यातून आल्यावर ते म्हणाले, "पोट्ट्यांसमोर चाकू फिरवून राहिला असन! लय हिरो झाला!"

"बाबा, मी पाइप कापून राहिलो होतो. तो आपोआप मिटला."

"आपोआप? चाकू आपोआप मिटते काय?"

मी दारात कापूस घेऊन उभी होते. एक वाक्य पुरले असते. ते मी बोलले नाही.

बोट वाकेना. तपासणीत तो नापास झाला. बाबांनी त्याच्याशी बोलणे टाकले. महिन्याभरात तो घर सोडून गेला. आता समता कॉलनीतील एका दवाखान्यात डाव्या हाताने रुग्णांची नावे लिहितो. दिवाळीला मी त्याला भेटले, तेव्हा म्हणाला, "ताई, मीच काहीतरी चुकीचं धरलं असन." तेव्हाही मी गप्प राहिले.

माझ्या चाकूचा खटका सदोष होता, हे मला अपघाताच्या अकरा दिवस आधीपासून ठाऊक होते. यशदीप निर्दोष आहे.

बाबांवर माझाही एक राग आहे, तो इथे नोंदवते. तीस वर्षे त्यांनी गाड्यांचा प्रत्येक सांधा हातोड्याने ठोकून पाहिला. "ठोकल्याशिवाय पास करायचं नाही," हे त्यांचे बोल. त्या दिवशी त्यांनी चाकू ठोकून पाहिला नाही. मुलाला मात्र नापास केले.

कलम ४. दुसरा चाकू मी अपघातानंतर घेतला. दुसऱ्या दुकानात, सर्वांसमोर, सात चाकूंचे खटके दाबून पाहिले. लोक हसले, हसू दिले. आठवा घेतला. त्याचा खटका मुठीच्या पाठीवर खाचेत बसलेला आहे, म्हणून आवळून सुटत नाही, आणि डाव्या हातानेही मिटतो. हा यशदीपला द्यावा.

कलम ५. पहिला चाकू कोणीही वापरू नये. तो बाबांनी हाताला जाड टॉवेल गुंडाळून स्वतः तपासावा. ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, ठेवूही नये.

इथपर्यंत मी शुक्रवारी लिहिले आणि पाकीट बंद केले. त्यावर "माझ्या मृत्यूनंतर उघडावे" असे लिहिताना लक्षात आले, की मी पुन्हा पाव किलो खिळे घेऊन परत येते आहे. पाकीट फाडले. शनिवारी साक्षीदारांना बोलावले आणि "सही हवी आहे" एवढेच सांगून यशदीपलाही. चार वर्षांनी तो घरात आला. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला.

कलम ६ (शनिवारी जोडलेले). मी वरील सर्व मोठ्याने वाचले. तिसऱ्या कलमात दोनदा ओळ चुकले. आई म्हणाली, "पाणी पी." कोणीच पाणी आणले नाही.

बाबांनी डबा उघडला. टॉवेल गुंडाळला. चाकू उघडून पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर ठोकली. पाते टिकले. पुन्हा ठोकली. टिकले. बाबा म्हणाले, "हे तर पक्कं हाय."

शेजारचे रामकृष्ण साहू खुर्चीत पुढे सरकले. माझी छाती अशी धडधडत होती, की सोमवारपर्यंत थांबता येईल का, अशी शंका आली.

यशदीप दारातूनच म्हणाला, "मूठ आवळा, बाबा. कापताना मोकळी कोण धरते?"

बाबांनी मूठ आवळली आणि दाबले. पाते मिटले. टॉवेलच्या दोन घड्या चिरून तिसरीत अडकले.

मग बाबांनी पायाने एक खुर्ची बाहेर सरकवली. "बस," ते म्हणाले. चार वर्षांत त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

यशदीप बसला नाही. माझ्याकडे पाहत होता.

"ताई, तुले माहीत होतं?"

"हो."

"मी रात्र रात्र जागून आठवून राहिलो, का बोट कुठं ठेवलं होतं. अन् तुले माहीत होतं?"

"हो."

गंधाली म्हणाली, "अरे, परवा तिचं ऑपरेशन आहे..."

"माहीत हाय मले." त्याने पुढे येऊन मी टेबलावर ठेवलेला दुसरा चाकू उचलला, डाव्या हाताने उघडला, मिटला आणि माझ्यापुढे ठेवला. "हे नाही पाहिजे. मेल्यावर तर बिलकुलच नाही. सोमवारी मी येतो, बाहेर बसतो. पण तू मरू नको, समजलं? मले तुझ्याशी लय भांडायचं हाय."

सबब कलम ४ मी रद्द करते. दुसऱ्या चाकूला सध्या वारस नाही. भांडण आटोपल्यावर ठरवीन. बाकी सर्व कलमे कायम. ती मी पुन्हा वाचली आहेत आणि त्यांतील एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.

सही: नीलिमा धर्मपाल नंदेश्वर

साक्षीदार, ज्यांनी हे ऐकले आणि माझ्यासमोर सह्या केल्या:
१. गंधाली पाध्ये, ब्राह्मणपारा
२. रामकृष्ण साहू, गुढियारी

स्थळ: रायपूर
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार