व्हरांड्यातला फ्रिज

नागपूर, १० मे १९७५

तीर्थरूप चंद्रभानमामांना रुपरावचा जयभीम.

मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला मागावर बसलं की वाढतो, म्हणून तुम्ही मला मागापासून दूर केलंत. "थंडीचं काम शिक गा, सावलीत बसून खाशीन," हे तुमचे शब्द. मामा, थंडी खोलीच्या आत असते. एअरकंडिशनरचा गरम वारा बाहेर पडतो आणि मेकॅनिकही बाहेरच असतो. तीन उन्हाळे मी लोकांच्या गच्च्यांवर काढले. माझे तळवे पाहाल तर खाप्याचा माग तुम्हाला सावली वाटेल.

सावनेरच्या देवरावजींनी पुन्हा विचारलं, असं तुम्ही लिहिता. सुभद्रेसाठी जावई पर्मनंट पाहिजे, ही त्यांची अट रास्त आहे. (सुभद्रेचं म्हणणं काय, ते कुणी लिहीत नाही.) आमच्या फ्रिज-दुरुस्तीच्या दुकानाचे ओमप्रकाश सेठ म्हणाले होते, या उन्हाळ्यात तुझी एकही तक्रार आली नाही तर पर्मनंट करतो. तक्रार आली.

धरमपेठेत मनोहरराव म्हणून एक वकील आहेत. त्यांचा फ्रिज बंद पडला म्हणून मी गेलो. कुसुमताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दारातच आडनाव विचारलं. मी सांगितलं. (खोटं सांगता आलं असतं. पण मग छप्पन साली तुम्ही मला खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीवरच्या त्या गर्दीत कशाला उभे राहिलात?) त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आत कशाला येता? आम्हीच बाहेर आणतो." स्वयंपाकघराचं दार अरुंद. वकीलसाहेब, त्यांचा मुलगा आणि माळी अशा तिघांनी फ्रिज आडवा केला. आडवा करू नका, असं मी व्हरांड्यातून दोनदा ओरडलो. फ्रिजच्या कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असतं. आडवा केला की ते नळ्यांत चढतं. मग तो चार-पाच तास उभा ठेवावा लागतो, तोवर चालू करायचा नाही. हे सांगेपर्यंत वकीलसाहेबांनी व्हरांड्यातल्या प्लगला तो लावलाही. फ्रिज ताबडतोब सुरू झाला. म्हणजे फ्रिज चांगला होता. बिघडला होता स्वयंपाकघरातला प्लग, जो मला दिसणं शक्य नव्हतं. तीन मिनिटं फ्रिज खडखडला आणि कायमचा गप्प झाला. माझा हात त्याला लागला नव्हता. तो पूर्ण सोवळ्यात गेला.

सेठ म्हणाले, "अबे, हात बी नाही लावला अन् बिगाडून आला? असा मेकॅनिक म्या पाह्यला नाही." पर्मनंटचं पुढल्या उन्हाळ्यात बघू म्हणाले.

तेव्हा माझा माग झाडून ठेवा. मी खाप्याला परत येतो. खोकला तरी आपल्या घरातला असेल.

तुमचा,
रुपराव

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, आज चौदा तारीख. मागाचं मनावर घेऊ नका. नवा कॉम्प्रेसर आला आहे आणि तो बसवणारा दुकानात मी एकटाच. बसवून ये, वकीलसाहेब तक्रार मागे घेतात, मग तू पर्मनंट, असं सेठ म्हणतात. मी म्हटलं, गॅस भरल्यावर फ्रिज हलवत नाहीत. तो आधी स्वयंपाकघरात जागेवर ठेवा, मग मी आत येऊन काम करतो. (हलवला तर काही होत नाही. सेठ मूळचे इतवारीतले कापडवाले, त्यांना ते ठाऊक नाही.) कुसुमताईंचा निरोप आला, मागच्या दाराने या. मी कळवलं, पुढच्या दाराने येईन.

पुन्हा ता. क. अजून उत्तर नाही. फ्रिज व्हरांड्यातच आहे, त्यात ते चपला ठेवतात. देवरावजींना बुद्धपौर्णिमेपर्यंत कसंही करून थांबवा, एवढ्यासाठीच हे पत्र. काल पारा सेहेचाळीसवर होता. मनोहररावांना थंड पाण्याची सवय आहे. मला नाही.